बेचाळीस अंगठ्यांचा मामा

मी एकदा बेचाळीस बायकांच्या अंगठ्यांच्या ठशांना साक्षीदार राहिले. त्या वेळी ओसरीवर मी होते, मामा होता आणि दारात आमची शेळी होती. बेचाळिसांतली एकही बाई तिथे नव्हती. तरी मी बेचाळीस वेळा ‘समक्ष’ असं लिहून खाली शेपटीदार सही ठोकली. शेळीनं कशावरच सही केली नाही, म्हणजे त्या दुपारी आमच्या दोघींत तीच शहाणी. नातवंडं विचारतात, “आजी, तू एवढी बावळट होतीस?” मी सांगते, “बावळट असते तर वाचले असते रे. मी हुशार होते!” सातवीची फायनल पास झालेली लोणीतली मी एकटी सून. हुशार माणसाला फसवायला फार कष्ट लागत नाहीत. त्याच्या हुशारीचं कौतुक करून शांत बसायचं, पुढचं सगळं तो आपण होऊन करतो.

हा मामा माझा मामा नव्हता. माझ्या आईला भाऊच नव्हता. माहेरी, अवसरी बुद्रुकला माझं लग्न ठरलं तेव्हा वडील जाऊन वर्ष झालेलं, आणि नवरीला बोहल्यावर आणायला, तिच्यामागं उभं राहायला मामा कुठून आणायचा या काळजीनं आई जेवत नव्हती. कुणीतरी मामाला निरोप दिला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत ज्या मुलीला मामा नाही तिच्यामागं हा उभा राहायचा, म्हणून त्याचं नाव मामा. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा त्याला मामाच म्हणायची. पुढं तो आमदार होऊन मुंबईला गेला, तरी गावाकडून गेलेल्या पत्रांवर ‘मामा यांसी’ एवढंच असायचं आणि ती पत्रं त्याला पोचायची.

माझ्या लग्नात तो खण घेऊन आला, कानामागं अत्तराचा फाया लावून आला, आणि मंगलाष्टकं चालू असताना माझ्या खांद्यावर डावा हात ठेवून ढसाढसा रडला. मी आयुष्यात त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मुंडावळ्या आणि अंतरपाट यांच्यामुळं नवरा काही मला दिसेना, पण मान जराशी वळवली की मामाचा अंगठा दिसत होता. उसाच्या कोयत्यानं झालेली चंद्रकोरीसारखी जुनी खूण होती त्यावर. म्हणजे माझ्या लग्नात मी नवऱ्याच्या आधी मामाचा अंगठा पाहिला. ‘यांना’ हे मी पुष्कळदा ऐकवलं आहे. ते म्हणायचे, “मग त्याच्याशीच संसार करायचा होतास.”

मामाचं एक ठेवणीतलं वाक्य होतं. कुणी काही काम सांगितलं की तो डोळे मिटून, मान हलवून म्हणायचा, “झालं म्हणून समज.” विहिरीची परवानगी? झाली म्हणून समज. पोराला मास्तरची नोकरी? लागली म्हणून समज. आणि खोटं कशाला बोलू, त्यातलं बरंचसं व्हायचंसुद्धा. आमच्या फाट्यावर एसटी थांबायला लागली ती त्याच्यामुळं. शाळेवर पत्रे आले ते त्याच्यामुळं. तोच तर घोळ झाला. पहिल्यापासून लबाड असता तर आम्ही त्याला चावडीवरच ओळखला असता. त्यानं आधी खऱ्या कामांनी आमची सवय मोडली, विचारायची सवय.

धनगरवाड्यावर गेला की तो माणसांच्या आधी कुत्र्यांना नावानं हाक मारायचा. कुणाची मेंढी लंगडते, कुणाच्या सासूला दिसत नाही, सगळं पाठ. तिथल्या सगुणाच्या मेंढीला त्यानं एकदा “काय गं मोगरे” म्हटलं आणि ती मेंढी खरंच थांबली. सगुणा मला सांगत होती, “माज्या दिरानं दोन वर्सं राखली ती, त्याला तिचं नाव म्हाईत न्हाई. मामाला म्हाईत हाय. असा मानूस पुन्यांदा व्हनार न्हाई बग.” निवडणुकीत तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. सगळ्या वाड्यानं मामाच्या पेटीत मतं टाकली, आणि सगुणानं टाकताना पेटीला हात जोडले.

आता माझी पाळी. माझं अक्षर चांगलं होतं. चांगलं म्हणजे काय, मला स्वतःलाच ते बघत बसावंसं वाटे. मामाचे अर्ज, विनंत्या मी लिहून द्यायला लागले. तो कागद लांब धरायचा आणि म्हणायचा, “पोरी, तुझं अक्षर बघून साहेब कागद वाचतच नाही, नुसता बघत राहतो.” मला ही स्तुती वाटायची! साहेबानं कागद वाचावा म्हणून लिहायचा की न वाचावा म्हणून, हे त्या वयात कोण विचारतं? त्यानं मला मुंबईहून एक हिरवं फाउंटन पेन आणून दिलं. मी ते पदराला, खांद्यावर, सगळ्यांना दिसेल असं अडकवून पाण्याला जायची. पेन गळायचं. माझ्या सगळ्या चोळ्यांना खांद्यावर निळे डाग पडले. सासूबाई म्हणायच्या, “कलेक्टरीन आली बग पानी घिऊन. घागर खाली ठिव, न्हाईतर सरकार सांडंल.”

त्या पेनाच्या तोऱ्यात मी एकच बरं काम केलं. सगुणाला सही शिकवली. सगुणा विधवा होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिच्या स्वतःच्या आठ मेंढ्या दिराच्या कळपात असत, आणि दिवाळी झाली की हौसा नावाच्या पोरीला पाठीला बांधून तीही कळपामागं कोकणात उतरायची. परत आली की विहिरीजवळच्या फरशीवर कोळशानं आमची शाळा भरायची. ‘स’ आणि ‘गु’ तिला लवकर आले. ‘ण’नं मात्र छळलं. ती त्याला मेंढ्याची शिंगं म्हणायची, आणि काढताना जीभ बाहेर काढायची. तीन महिन्यांनी फरशीवर सगळं नाव उमटलं तेव्हा तिनं चार पावलं लांब उभं राहून ते पाहिलं, आणि भोवती राखेची रांगोळी घातली. पाऊस येईपर्यंत त्या फरशीवर कुणाला धुणं धुऊ दिलं नाही तिनं.

मग मामानं बायकांची सोसायटी काढली. धनगराच्या बायका हातानं लोकर कातत, त्यांना सरकारकडून पायानं चालवायचे चरखे मिळणार होते. घरी बसून कातायचं, सोसायटीनं लोकर घ्यायची, कुणाला पोरं पाठीला बांधून घाट उतरायला नको. बेचाळीस बायकांची नावं झाली. सगुणानं मामाला विचारलं, “मामा, चरका खरंच येनार का? आला तर मी ऱ्हाते हितं. हौसीला साळंत घालते.”

“आला म्हणून समज,” मामा म्हणाला. “मेंढरं विकून मोकळी हो, सगुणे.”

तिनं मला विचारलं, “विकू का गं?” मी पेन नीट करत म्हणाले, “मामा म्हणतात ना.” तिनं आठही मेंढ्या ओतूरच्या बाजारात विकल्या. मोगरी शेवटी विकली.

दिवाळीनंतर वाडा कोकणात उतरला. सगुणा तेवढी मागं राहिली, चरख्याची वाट बघत, लोकांच्या खुरपणीला जात. आणि त्या दुपारी मामा जीपमधून आमच्याकडं आला. कागदांची चळत होती. बेचाळीस पावत्या, ‘सरकारी चरखा एक, मिळाला’ अशा, वाडा उतरायच्या आधी मीच लिहून दिलेल्या. आता प्रत्येकीखाली अंगठा होता.

“चरखे कुठं आहेत, मामा?” एवढं मात्र मी विचारलं. अगदीच काही दगड नव्हते.

“ओतूरला गोदामात. आले म्हणून समज. सरकारची रीत उलटी असते, पोरी. पावती आधी, माल नंतर. बायका घाट उतरायच्या आत अंगठे घेऊन ठेवले मी. तू फक्त ज्याच्या त्याच्यापुढं नाव घाल, ‘निशाणी डावा अंगठा’ लिही, आणि समक्ष म्हणून सही कर. तुझी सही असली की शंका कोण घेणार?”

मी मांडी घालून बसले आणि लिहीत सुटले. शेळी दारातून बघत होती. विसावं की एकविसावं नाव सगुणाचं होतं. ज्या बाईला मी तीन महिने मेंढ्याची शिंगं काढायला शिकवलं, जी गावात होती, हाकेच्या अंतरावर खुरपत होती, तिचं नाव मी सुंदर अक्षरात लिहिलं आणि पुढं ‘निशाणी डावा अंगठा’ लिहिलं. माझा हात थांबलासुद्धा नाही. अक्षर इतकं छान लागलं होतं!

लिहून झाल्यावर मामानं हात पुढं केला. “जरा खोबरेल दे गं, शाई सांडली जीपमध्ये.” त्याचा डावा अंगठा निळा झाला होता. फक्त अंगठा. मी वाटीत तेल आणलं, चिंधी आणली, आणि लग्नात पाहिलेल्या त्या चंद्रकोरीच्या खुणेत अडकलेली शाई माझ्या हातानं पुसून काढली. “पोटच्या पोरीनं केलं नसतं,” मामा म्हणाला. मला भरून आलं.

उन्हाळा सरला. वाडा कोकणातून परत आला आणि पाठोपाठ एक तपासणीसाहेब आले. तरुण होते, घामाघूम झालेले, आणि आमचं दुर्दैव असं की कागद वाचणारे होते. चावडीपुढं बायका जमल्या. साहेबांनी विचारलं, “चरखे दाखवा.” बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. साहेबांनी पावत्या काढल्या, नावं वाचली. सगुणाचं नाव आलं तशी ती पुढं झाली.

“हा तुमचा अंगठा?”

सगुणानं कागद हातात घेतला. आधी उलटा धरला होता, मग सुलटा केला. आपलं नाव तिला वाचता येत होतं. तेवढंच येत होतं.

“हे माजं नाव हाय,” ती म्हणाली. “आंगठा माजा न्हाई.”

“कशावरून?”

“मला सही येती की! मी कशाला आंगठा लावू?” आणि तिनं साहेबांच्या हातातलं पेन घेतलं, जीभ बाहेर काढली, आणि त्या पावतीच्या पाठीवर एकेक अक्षर उमटवलं. शिंगांसकट.

साहेबांनी ती अक्षरं पावतीवरच्या नावाशी ताडून पाहिली. मग त्यांनी कागद पुन्हा पालथा केला. “खाली समक्ष म्हणून कुणाची सही आहे? कोण या बाई?”

कुणी माझं नाव घेतलं नाही. नुसत्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पेन खांद्यावर होतं. सगुणा माझ्या तोंडाकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट बघत होती. मी काहीतरी सांगेन आणि सगळं सरळ होईल असं तिला अजून वाटत होतं. मी पेन काढून पदरात लपवलं. तेवढंच मला सुचलं.

खटला जुन्नरच्या कोर्टात उभा राहिला. त्याच्या आदल्या आठवड्यात मामा घरी आला. खण आणला होता, अत्तर होतंच. सासूबाईंनी चहा दिला आणि मुद्दाम जात्याशी दळत बसल्या. मामा म्हणाला, “पोरी, तुला एवढंच सांगायचं की बायका समोर होत्या. सगुणेला त्या दिवशी सही सुचली नसेल, म्हणून अंगठा लावला. झालं. तूही सुटलीस, मीही सुटलो. नाहीतर खोटी साक्ष घातली म्हणून तुलाही आत टाकतील.”

मी कपबशी उचलून ठेवली. तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, “तुझ्यामागं कुणी नव्हतं तेव्हा मी उभा राहिलो. आता तू माझ्यामागं उभी राहा.” आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लग्नात आलं होतं तसंच, तेवढंच, आधी डाव्या डोळ्यातून. मी घाबरले ती तिथं. तुरुंगाचं भय तर होतंच. पण मला त्या क्षणी आपलं लग्न आठवायला लागलं, आणि तो हुंदका खरा होता की नाही हे मला कळेना. आजही कळलेलं नाही. चरखे खाल्ले त्याचं एकवेळ सोडून देता येतं. माझ्या लग्नातला एकुलता एक मामा त्यानं खाल्ला, त्याचं काय करू?

तो गेल्यावर सासूबाईंनी जातं थांबवलं. “काय सांगनार हाईस?” मी म्हटलं, “कळत नाही.” त्या म्हणाल्या, “हुशार मान्साला कळत न्हाई व्हय? बरं झालं बाई, आमी अडानीच ऱ्हायलो.” आणि पुन्हा दळायला लागल्या.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली मुनीरचाचा बसायचे. जुन्नरच्या जुन्या कागदी घराण्यातले. बापजादे कागद बनवायचे, हे त्यावर लोकांचे अर्ज लिहायचे. पुकारा व्हायला वेळ होता. मी उन्हात उभी होते, तर त्यांनी बसायला पोतं सरकवलं. कशाला आलीस विचारलं, मी सांगितलं.

“तू ती लोणीवाली का? अक्षर पाह्यलं मी तुजं. माशाल्ला, छान आहे.” मग त्यांनी शाईची डबी उघडून दाखवली. “बेटी, मी तीस साल हे काम करतो. अंगठा घेताना माणसाचा हात असा आपल्या हातात धरावा लागतो. म्हातारा असला तर थरथरतो, बाई असली तर लाजते. तो हात धरला की मग समक्ष लिहायचं. तू कुणाचा हात धरलावता?”

मी म्हणाले, “कुणाचाच नाही.” आणि लगेच आठवलं, की नाही, एक हात धरला होता. खोबरेल तेलानं.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर मी तेच सांगितलं. बायका नव्हत्या. सगुणा गावात होती आणि तिला सही येते, मीच शिकवली. मी न बघता समक्ष लिहिलं. आणि मामाच्या अंगठ्याची शाई मी पुसली. वकिलानं माझी पुष्कळ टर उडवली. “म्हणजे बाई, तुम्ही त्या वेळी खोटं लिहिलंत आणि आज खरं बोलता?” मी म्हणाले, “होय.” “मग आज खरं कशावरून?” मी म्हणाले, “आज लिहून घ्यायला पेन तुमच्याकडं आहे, साहेब.” कोर्टात लोक हसले. मी विनोद केला नव्हता, माझे हात खरंच मोकळे होते. पण ज्या हसण्यानं मी पूर्वी फुगले असते ते त्या दिवशी नकोसं झालं.

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञानं सांगितलं, बेचाळीसही अंगठे एकाच माणसाचे आहेत, मधोमध चंद्रकोरीसारखी जखमेची खूण आहे. मामाला हात पुढं करायला सांगितलं. त्यानं सवयीनं आधी तो धोतराला पुसला.

दोन वर्षांची सक्तमजुरी झाली आणि आमदारकी गेली. मला माफीची साक्षीदार म्हणून सोडलं, पण न्यायाधीशांनी चांगलं खडसावलं. शिपाई मामाला घेऊन माझ्या समोरून गेले. मला वाटलं शिव्या देईल. तो थांबला, माझ्या खांद्यावरच्या निळ्या डागाकडं बघून म्हणाला, “पेन गळतंय अजून? दुसरं आणून देईन. दिलं म्हणून समज.” इतकं सहज म्हणाला की माझी मान होकारार्थी हलली. बघा म्हणजे! एवढं सगळं होऊन.

सुटून आल्यावर एकदाच दिसला. अवसरीलाच, एका लग्नात. मांडवाच्या कडेला, ताटं ठेवतात तिथं उभा होता. टोपी स्वच्छ, अत्तर नव्हतं. नवरीला आणायची वेळ झाली तसा भटजींनी आवाज दिला, “मुलीचे मामा कुठं आहेत?” त्या मुलीलाही मामा नव्हता. मामा दोन पावलं पुढं आला. त्या बाजूची कुजबुज थांबली. तो थांबला. शेजारचा एक न्हावीदादा हात पुसत पुढं गेला आणि नवरीमागं उभा राहिला. मी बायकांत बसले होते. माझ्यापासून मामा चार हातांवर होता. मला “मामा, इकडं बसा” म्हणता आलं असतं. मी अक्षता मुठीत घट्ट धरून बसले. जेवायच्या वेळी तो नव्हता. तो उभा होता तिथं खणाची घडी ठेवलेली होती.

सगुणाला चरखा कधीच मिळाला नाही. मेंढ्याही गेल्या. ती लोकांची रोजंदारी करत राहिली, आणि दिवाळीनंतर वाडा उतरायला लागला की विहिरीवर उभी राहून शेवटची मेंढी दिसेनाशी होईपर्यंत बघायची. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलायची, पण पाण्याचं, पावसाचं. फरशीवरची शाळा पुन्हा भरली नाही.

मग एक दिवस ती आपण होऊन ओसरीवर आली. हौसाला मंचरच्या वसतिगृहात घालायचं होतं, त्यासाठी अर्ज लागत होता. मला इतका आनंद झाला की मी टाक दोनदा दौतीत बुडवला. हिरवं पेन केव्हाच चुलीत घातलं होतं. आयुष्यात लिहिला नव्हता इतक्या निगुतीनं तो अर्ज लिहिला. खाली सहीला जागा सोडली, कागद तिच्यापुढं सरकवला आणि टाक तिच्या हातात दिला. सगुणानं टाक घेतला. कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि टाक पुन्हा दौतीत ठेवून म्हणाली,

“आदी वाचून दाव. तुजं अक्षर लई देखनं हाय, म्हनून म्हनते.”